पाण्याच्या रॉकेटवर कॅमेरा बसवताना

रॉकेटवरून काढलेलं चित्रण वाईट आलं की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो आणि दुसरा, महागडा कॅमेरा शोधायला सुरुवात होते. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या शेतांत आम्ही हे काम करतो तेव्हा दोष बहुतेक वेळा रॉकेटातच सापडतो. ते फार जोरात सुटतं, स्वतःभोवती गरगरतं किंवा उतरण्याची छत्री (पॅराशूट) उघडताना गचका देतं. रॉकेट संथ आणि सरळ चढलं तर साधा किल्लीएवढा कॅमेराही बघण्यासारखं चित्र देतो. म्हणून खाली कॅमेऱ्याइतकंच रॉकेटाबद्दलही लिहिलं आहे. पाण्याचं रॉकेट म्हणजे थोडं पाणी भरून, उरलेल्या जागेत पंपाने हवा दाबून उडवलेली प्लास्टिकची बाटली.

आधी आकडे. २.२५ लिटरची शीतपेयाची एक बाटली, सगळं जोडून कोरडं वजन २४० ग्रॅमच्या आत, पाणी ७५० मिलिलिटर, दाब ५ बार, म्हणजे पंपाच्या काट्यावर ७२-७३ पीएसआय. असं रॉकेट ४० ते ५० मीटर चढतं आणि माथ्यावर पोचायला त्याला सुमारे ३ सेकंद लागतात. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याला चढणीच्या साधारण ९० फ्रेम मिळतात. सगळी धडपड त्या ९० फ्रेमसाठी असते. उतरताना मिळणारी १० सेकंदं त्यामानाने फुकटची.

बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या मोटरीचं रॉकेट का नाही, हे एकदा सांगून टाकतो. परदेशी चित्रफितींत दिसतात त्या मोटरींवर सी६-५, डी१२-५ असे क्रमांक असतात. अक्षर एकूण आवेगाचा गट सांगतं (सी म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद, डी म्हणजे १० ते २०), पहिला आकडा सरासरी रेट्याचा आणि शेवटचा आकडा छत्री उडवण्याआधीच्या सेकंदांचा. आपल्याकडे १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागू आहेत. परवान्याशिवाय अशा मोटरी मागवता येत नाहीत, आणि पोटॅशियम नायट्रेट व साखर घरी शिजवून मोटर करणं हा गुन्हा आहे, शिवाय जिवाशी खेळ. पाण्याच्या रॉकेटाला यातलं काही लागत नाही. कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्याचा आणखी एक फायदा आहे: भिंगावर काजळी बसत नाही आणि जळण्याची थरथर चित्रात उतरत नाही.

नॉझलपाशी, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या तोंडापाशी, आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण चित्राचं बरंवाईट तिथेच ठरतं. सगळीकडे दिसणारा लाँचर (रॉकेट धरून ठेवणारी आणि सोडणारी बैठक) अर्ध्या इंची यूपीव्हीसी पाइपचा असतो. त्या पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असल्यामुळे तो बाटलीच्या गळ्यात अगदी बसतो. ओ-रिंग लावायची, केबल-टायच्या डोक्यांनी गळ्याची कड धरायची, झालं. पण रॉकेट सुटलं की सगळं पाणी पूर्ण गळ्यातून बाहेर पडतं. रेटा म्हणजे दाब गुणिले भोकाचं क्षेत्रफळ गुणिले दोन. ५ बारला २१.५ मिलिमीटरच्या गळ्यातून ३६० न्यूटनच्या वर रेटा मिळतो. पाण्यासकट एक किलोच्या रॉकेटाला म्हणजे सुमारे ३६ जी, गुरुत्वाकर्षणाच्या ३६ पट. २० ग्रॅमचा कॅमेरा त्या क्षणी पाऊण किलोच्या भाराने आपल्या बैठकीवर दाबला जातो. पाणी संपायला सेकंदाचा बारावा हिस्साही पुरतो. एवढ्यात दोन फ्रेम निघतात. जमीन एका फ्रेममध्ये आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये दिसेनाशी, असं ते चित्र असतं.

म्हणून कॅमेऱ्याच्या उड्डाणाला आम्ही बागेच्या पाइपचा क्विक कनेक्टर वापरतो. त्याच्या नर टोकाचं आतलं भोक साधारण ९ मिलिमीटरचं असतं. त्याच दाबाला रेटा ६४ न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुरुवातीला साडेपाच जी. पाणी जवळपास ०.४५ सेकंद निघत राहतं. १३ फ्रेम मिळतात आणि खाली जमिनीवर फुटणारा फवारा, मागे सरकणारा लाँचर, बाजूला उभी माणसं, सगळं त्यांत दिसतं. उंची फक्त काही मीटरने घटते.

कनेक्टरचं नर टोक बाटलीच्या बुचात बसवताना एक गोष्ट सांभाळायची. बुचाच्या प्लास्टिकला इपॉक्सी धरत नाही. आत-बाहेर रबरी वॉशर लावून नटाने आवळलं तरच ५ बारला गळत नाही. मादी टोक लाँचरवर घट्ट बसवायचं आणि त्याची कडी खाली ओढायला दोन बाजूंनी दोरी बांधायची. एकाच बाजूने ओढलं तर कडी तिरपी होऊन अडकते, आणि सुटलंच तर रॉकेटाला तिरका धक्का देऊन सुटतं.

संथ सुटण्याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. जोरात सुटणारं रॉकेट लाँचर सोडतानाच इतक्या वेगात असतं की पंख लगेच हवा धरतात. आपलं तसं नसतं. साडेपाच जीने मीटरभर वर गेल्यावर कुठे सेकंदाला १० मीटर वेग येतो. तेवढ्या अंतरात आधार नसेल तर वाऱ्याची एक झुळूक त्याला तिरकं करते. म्हणून १.२ मीटर लांबीची ६ मिलिमीटरची सळी उभी करतो आणि बाटलीवर व कॅमेऱ्याच्या कप्प्यावर जाड पेनाच्या नळीचे इंचभर तुकडे चिकटवून रॉकेट सळीत ओवतो. सळी गंजली की नळ्या अडतात. गोव्याच्या हवेत साधं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं, तेव्हा स्टेनलेसच घ्यावी, आणि उड्डाणाआधी तिच्यावरून तेलाचा बोळा फिरवावा.

बाटलीबद्दल थोडक्यात, पण काटेकोर. फक्त शीतपेयाची बाटली चालते. पाण्याची बाटली पातळ असते, ती फुटते. बाजू सरळ हवी, कमरेला खोलगट बाटली घेतली तर पंख सरळ बसत नाहीत. शीतपेयाची बाटली साधारण १० बारच्या पुढे फुटते. ५ बारला काम केलं की हातात निम्मं अंतर राहतं. नवी बाटली काठोकाठ पाण्याने भरून ७ बारपर्यंत नेऊन तपासायची. पाणी दबत नसल्यामुळे फुटली तरी नुसती चिरते, तुकडे उडत नाहीत. पांढरी रेघ, घडी किंवा ओरखडा दिसला की ती बाटली भंगारात. दाबाच्या बाटलीला हॉट ग्लू लावू नये. पेट प्लास्टिक ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि ग्लू गनचं टोक त्याच्या कितीतरी वर असतं. याच कारणाने एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत बाटल्या ठेवू नयेत.

पंख ३ मिलिमीटरच्या पन्हळी प्लास्टिक शीटचे. सणावाराला नाक्यावर लागणारे जाहिरातीचे फलक त्याच शीटचे असतात, उत्सव संपल्यावर मागितले तर मिळतात. चार पंखांचं वजन २५ ग्रॅमच्या आत राहतं. पन्हळ पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवली की पंख लवत नाहीत. ते थेट बाटलीला चिकटवले तर टिकत नाहीत, कारण ५ बारला बाटली जरा फुगते आणि कडक सांधा सुटतो. दुसऱ्या बाटलीचं १२ सेंटिमीटर उंचीचं कडं कापून त्यावर पंख लावायचे आणि ते कडं बाटलीवर चढवून टेपने बांधायचं. बाटली फुगली तरी कडं किंचित सरकतं, पंख जागेवर राहतात.

आता गिरकी. चित्र बिघडवणारी ही सगळ्यात मोठी गोष्ट. चारही पंख एकाच दिशेने फक्त एक अंश तिरके लागले तर सेकंदाला ३० मीटर वेगाला रॉकेट सेकंदाला जवळजवळ एक पूर्ण फेरी घेतं. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात दर फ्रेमला १२ अंश. हे अजून सहन होतं. पाच अंशांची चूक झाली तर सेकंदाला पाच फेऱ्या आणि दर फ्रेमला ६० अंश. मग ते चित्र कुठल्याही सॉफ्टवेअरने सावरत नाही. स्वस्त कॅमेऱ्याचा संवेदक ओळीओळीने वाचला जातो आणि एक फ्रेम वाचून व्हायला सेकंदाचा तिसावा हिस्सा लागतो, त्यामुळे माड वाकडे, बांध नागमोडी असं दिसू लागतं.

एक अंश म्हणजे किती? १२ सेंटिमीटर लांबीच्या पंखाच्या एका टोकाला २ मिलिमीटर. डोळ्यांना ते दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर सोडायचं नाही. बाटलीच्या घेराएवढी कागदाची पट्टी कापून तिला चार समान घड्या घालायच्या आणि कड्यावर गुंडाळून खुणा करायच्या. मग कडं चढवलेली बाटली अॅल्युमिनियमच्या एल-पट्टीच्या खोबणीत आडवी ठेवून पट्टीच्या कडेने रेघ मारायची. ती रेघ बाटलीच्या अक्षाला समांतर येतेच. पंख रेघेवर ठेवून, दोन्ही बाजूंनी गुण्या लावून, गोंद सुकेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. उन्हात सुकवायला ठेवला की पन्हळी शीट वळते, सावलीत ठेवावं.

स्थैर्याचा हिशेब नेहमीचाच: गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या (हवेचा बाजूचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, नाकाकडे, निदान एका व्यासाएवढा हवा. इथे ११ सेंटिमीटर. दाबमध्य काढायला रॉकेटाची बाजूची आकृती पुठ्ठ्यातून कापून ती पट्टीवर तोलून बघतो. यात येणारा बिंदू खऱ्या दाबमध्यापेक्षा जरा पुढे, नाकाकडे येतो, त्यामुळे चूक सुरक्षित बाजूची होते. कॅमेरा नाकाकडे बसत असल्यामुळे इथे त्याचं वजन उपयोगी पडतं.

कॅमेऱ्यासाठी आम्ही जुन्या किल्ली-कॅमेऱ्याची जात पसंत करतो, ज्यात भिंग लांबट अंगाच्या टोकाला असतं. अंग उभं ठेवलं की भिंग आपोआप खाली बघतं आणि आरसा लागत नाही. वजन बैठकीसकट ३० ग्रॅमच्या आसपास. बिननावाच्या चौकोनी डबी-कॅमेऱ्यांवर १०८० लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा आतला संवेदक त्याहून लहान असतो आणि चित्र फुगवलेलं असतं. ७२० ला ६० फ्रेम आणि १०८० ला ३० फ्रेम असे दोन पर्याय असतील तर ६० फ्रेम घ्याव्या. गिरकीचा कोन दर फ्रेमला निम्मा होतो, हा फायदा बारकाव्याच्या तोट्यापेक्षा मोठा आहे. ईएसपी३२-कॅम नावाचा छोटा बोर्डही काहीजण वापरतात. तो स्वस्त आणि हलका आहे, प्रोग्रॅम करता येतो, पण कार्डवर लिहिताना त्याच्या फ्रेम कमी पडतात. उतरतानाचे फोटो काढायला ठीक, चढणीला नाही.

खाली बघायचं की क्षितिजाकडे? आडवं बघणाऱ्या कॅमेऱ्यात थोडी गिरकीसुद्धा सगळं चित्र वाहून नेते. खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यात तीच गिरकी चित्राच्या मध्याभोवतीच्या फेरीसारखी दिसते, आणि ती नंतर सॉफ्टवेअरमध्ये उलटी फिरवून बरीचशी काढता येते. आम्ही खालीच बघतो, बाहेरच्या बाजूला ५ ते १० अंश कलवून, म्हणजे चौकटीचा एक तृतीयांश भाग बाटली आणि पंख व्यापतात. पंख दिसायला हवेतच. उड्डाणानंतर काही बिनसलं असेल तर पंख हलला की नाही हे तिथेच कळतं.

कॅमेरा एका बाजूला लटकला की तोल जातो. ३० ग्रॅम वजन अक्षापासून साडेपाच सेंटिमीटरवर असेल तर २४० ग्रॅमच्या रॉकेटाचा गुरुत्वमध्य जवळपास ७ मिलिमीटर बाजूला सरकतो, आणि रॉकेट चढता चढता कॅमेऱ्याच्या बाजूला वळतं. समोरच्या बाजूला नाणी चिकटवून हा तोल साधता येतो, पण वजन वाया जातं. छत्री उघडणाऱ्या टाइमरची डबी जवळपास तेवढ्याच वजनाची असते, ती कॅमेऱ्याच्या बरोबर समोर बसवायची. दोन्हींवर सारख्या आकाराची टोपी हवी, नाहीतर हवा एकाच बाजूला जास्त अडते. शांपूच्या बाटलीचा खांदा उभा कापला की अशा दोन टोप्या तयार मिळतात.

कॅमेऱ्याखाली जाड फोम घालण्याचा मोह होतो. घालू नये. सुटताना कॅमेरा फोममध्ये दबतो, मग परत उसळतो, आणि चित्रात सेकंदभर लाटा येतात. मिलिमीटरभर जाडीची दुहेरी चिकट पट्टी आणि वरून एक केबल-टाय पुरतो. टाय बटणावर येणार नाही एवढं बघायचं.

कार्ड आणि फाइल हा भाग कंटाळवाणा आहे, पण चित्रण हरवतं ते इथेच. जमिनीवर आदळताना कॅमेऱ्याची बॅटरी क्षणभर सुटली तर चालू फाइल अर्धवट राहते आणि उघडत नाही, कारण फाइलची अनुक्रमणिका शेवटी, रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. उपाय म्हणून लोक एक मिनिटाचं लूप (दर मिनिटाला नवी फाइल) लावतात, म्हणजे निदान आधीच्या फाइली वाचतात. पण दोन फाइलींच्या सांध्यावर काही फ्रेम, कधी पूर्ण सेकंद गळतो. आपलं अख्खं उड्डाण १५ सेकंदांचं आहे, सांधा नेमका त्यातच यायचा. कॅमेरा दाब भरण्याआधी चालू करावा लागतो, कारण भरलेल्या रॉकेटाजवळ पुन्हा जायचं नसतं. तिथून सुटेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. म्हणून ५ मिनिटांचं लूप ठेवायचं. चौथं मिनिट उलटून गेलं आणि अजून सुटलं नाही, तर पाचवं मिनिट संपेपर्यंत थांबून नव्या फाइलीत सोडायचं. फाइल तुटलीच तर त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुन्याला देऊन दुरुस्त करणारी मोफत सॉफ्टवेअरं आहेत, तेव्हा कार्ड घाईने फॉरमॅट करू नये. स्प्रिंगच्या खाचेतलं कार्ड आदळल्यावर बाहेर उडतं, आणि धसकटांत नखाएवढं कार्ड शोधणं अवघड. खाचेवर कागदी टेपचा तुकडा लावावा. १९४६ च्या २४ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सहून सुटलेल्या व्ही-२ रॉकेटाने अंतराळातून पृथ्वीचे पहिले फोटो घेतले, तेव्हा परत येताना कॅमेऱ्याचा चुरा झाला होता. पोलादी डबीतली फिल्म तेवढी वाचली. आपलं कार्ड म्हणजे ती डबी.

छत्री ६० सेंटिमीटर व्यासाची. २४०-२५० ग्रॅम वजनाला ती सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास वेगाने उतरवते. पातळ कचऱ्याच्या पिशवीची केली तर ५ ग्रॅममध्ये होते. मोडक्या छत्रीचं कापड टिकतं जास्त, पण तिप्पट-चौपट जड. आठ दोऱ्या, प्रत्येक निदान ६० सेंटिमीटर. मुख्य दोरी नाकाच्या टोकाला बांधायची, म्हणजे रॉकेट उभं लटकतं आणि कॅमेरा खालीच बघत राहतो. गुरुत्वमध्यापाशी बांधली तर ते आडवं होतं आणि दहा सेकंद आभाळ दिसतं. दोरी आणि रॉकेट यांच्यामध्ये गरी-दोऱ्याच्या दुकानात मिळतं ते पितळी स्विव्हल घालावं. छत्री फिरली तरी रॉकेट फिरत नाही, आणि उतरणीचं चित्र यामुळे जेवढं सुधारतं तेवढं दुसऱ्या कशाने सुधारत नाही.

छत्री कप्प्याच्या बाजूच्या दारातून बाहेर येते. दार रबराने धरलेलं असतं आणि रबर ९ ग्रॅमचा एसजी९० सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी विजेची मोटर) सोडतो. टाइमरचं काम करणाऱ्या अर्डुइनो नॅनो या छोट्या बोर्डाला लावलेली पिन लाँचरला दोरीने बांधलेली असते. रॉकेट सुटलं की पिन निघते आणि ३.२ सेकंदांनी सर्वो फिरतो. माथ्यापाशी वेग जवळपास शून्य असतो, तिथून अर्धा सेकंद इकडे-तिकडे झालं तर सेकंदाला ५ मीटरचा फरक, तो चालतो. दीड सेकंद आधी उघडली तर सेकंदाला १५ मीटरच्या वर वेग असतो, पिशवीची छत्री चिरते आणि कॅमेऱ्याला गचका बसतो. छत्रीला टाल्कम पावडर लावून घडी घालावी. इथल्या दमट सकाळी प्लास्टिकच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि छत्री उघडतच नाही.

जागा आणि वेळ. किनारा नको: वाळू कॅमेऱ्यात शिरते, माणसं असतात आणि वारा थांबत नाही. सड्यावर मोकळीक भरपूर, पण जांभ्यावर पडलेलं रॉकेट दुसऱ्यांदा उडण्याच्या लायकीचं राहत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे सरद (पावसाळी) भात कापून झालेलं आणि वायंगणासाठी (उन्हाळी पिकासाठी) अजून न नांगरलेलं शेत. ते कुणाचं, कोमुनिदादीचं (गावाच्या सामाईक मालकीचं) की कुळाचं, विचारून परवानगी घ्यायची. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांपासून लांब राहायचं. आमचं रॉकेट ड्रोन नाही, तरी ड्रोनच्या सरकारी नकाशावर लाल किंवा पिवळा रंग असेल तिथे आम्ही जात नाही. विजेच्या तारांपासून उंचीच्या दुप्पट अंतर. तारेवर अडकलेलं रॉकेट सोडून द्यायचं, काठी घालायची नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. पहाटेचे मतलई वारे मंदावलेले असतात आणि खारे वारे अजून आत पोचलेले नसतात, ती मधली वेळ. पोदेर पाव देऊन गेला की निघायचं आणि नऊ-साडेनऊपर्यंत आवरायचं. उतरायला १० सेकंद लागतात, सेकंदाला ३ मीटर वारा असेल तर रॉकेट ३० मीटर वाहून जातं. वाऱ्याच्या दिशेला एवढ्या अंतरात कुळागर (माडा-पोफळीची बाग) नको. काजूवर अडकलं तर काठीने निघतं, तांबड्या मुंग्या अंगावर घ्यायची तयारी हवी. माडावर अडकलं तर पाडेलीची (नारळ पाडणाऱ्याची) वाट बघावी लागते.

सकाळच्या कोवळ्या उन्हाचा चित्रालाही उपयोग होतो. सावल्या लांब पडतात, त्यामुळे बांध उठून दिसतात. कॅमेऱ्याची बाजू सूर्याकडे पाठ करून उभी करावी. भिंगावर बाष्प येतं ते वातानुकूलित गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढल्यामुळे. पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवला की जातं. पुसत बसू नये, पुन्हा येतं.

सोडण्याचा क्रम आम्ही पाठच केला आहे. पाणी मापाने भरणं, रॉकेट सळीत ओवून कनेक्टरवर बसवणं, टाइमरची पिन लावणं, मग टाइमर चालू करणं, शेवटी कॅमेरा. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतो ते दोघांनी बघायचं. भिंगासमोर हाताने उड्डाणाचा क्रमांक दाखवून एक टाळी वाजवायची. लांबून काढलेलं चित्रण आणि रॉकेटवरचं चित्रण नंतर त्या टाळीवर जुळवता येतं. मग सगळे १० मीटर मागे, डोळ्यांवर चष्मे, आणि लांब नळीने पंप. दीड लिटर हवेला ५ बारपर्यंत नेताना उभ्या सायकल-पंपाचे २० ते ३० दट्टे लागतात. काटा ५ वर आल्यावर पाच सेकंद थांबून बघायचं. काटा उतरत असेल तर गळती आहे. तेव्हा जवळ न जाता दोरी ओढून दाब सोडायचा, म्हणजे रॉकेटच सोडायचं, कमी उंचीवर गेलं तरी चालेल.

चित्रणातून उंची काढता येते. घरी कॅमेऱ्यापासून २ मीटरवर १ मीटरची पट्टी धरून ती किती पिक्सेल व्यापते ते मोजायचं. समजा ४०० आली. ४०० गुणिले २ म्हणजे ८०० हा त्या कॅमेऱ्याचा आकडा. शेतात दोन पांढऱ्या चादरी मध्यापासून मध्यापर्यंत १० मीटर अंतरावर पसरायच्या. माथ्यावरच्या फ्रेममध्ये त्यांच्यात १७० पिक्सेल अंतर दिसलं तर ८०० गुणिले १० भागिले १७०, म्हणजे ४७ मीटर. चादरी चौकटीच्या मध्याजवळ असतील तीच फ्रेम घ्यावी, कडेला भिंग चित्र ताणतं. गिरकी मोजायला एक चादर त्याच कोनात परत येईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. ३० फ्रेमला एक फेरी येत असेल तर पंखांना हात लावू नका. १० फ्रेमला येत असेल तर कडं काढून पंख पुन्हा लावा, ते वाकवून सरळ करायला जाऊ नये, कारण पन्हळी शीट एकदा दुमडली की पुढच्या दाबाला तिथेच लवते.